गुडघ्यातला दोर कुणाचा?

अंबडची मत्स्योदरी देवी टेकडीवर आहे. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेला माणूस तिच्या पायऱ्या कसाबसा चढतो; खरी परीक्षा उतरताना होते. पायरीवर वळायला गेला की गुडघा सटकतो. कबड्डीत किंवा कुस्तीत पाय जागेवर रुतला आणि वरचं अंग फिरलं, की आत ‘कट्’ असा आवाज होतो आणि गुडघा टम्म सुजतो. काही दिवसांनी सूज उतरते, चोळणारा ‘लचक होती’ म्हणून मोकळा होतो, आणि बऱ्याच काळाने डॉक्टर एमआरआय पाहून सांगतात की एसीएल नावाचं लिगामेंट गेलंय, दुर्बिणीने ऑपरेशन करावं लागेल. त्यावर घरच्यांचे प्रश्न ठरलेले. मांडी घालता येईल का? साष्टांग नमस्कार घालता येईल का? खर्च किती? क्वचित एखादी आजी चौथा प्रश्न विचारते: आत बसवणार ते कुणाचं?

आजीचा प्रश्न धर्माचा आहे, आणि तो वाटतो तितका भाबडा नाही.

पूर्ण तुटलेलं एसीएल नुसतं शिवून सहसा जुळत नाही. सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे जखम भरायला आधारच मिळत नाही. लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यात टाके घालून पाहिले होते. १९१७ मध्ये हे-ग्रोव्ह्ज नावाच्या सर्जननी मांडीवरच्या चिवट पडद्याची पट्टी ओवून नवं लिगामेंट केलं, आणि पुढची वाट तीच ठरली. आज बहुधा मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंगची कंडरा घेतात. गुडघ्याखाली आतल्या बाजूला लहानसा छेद देऊन ती स्ट्रिपरने स्नायूपासून सोडवतात. शेजारच्या टेबलावर सहायक तिला चिकटलेलं लाल मांस खरवडतो, घडी घालून चार पदर करतो, टोकं दोऱ्याने गुंफतो आणि मापाच्या भोकातून ओवून जाडी बघतो. आठ मिलिमीटर भरली की समाधान. मग मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदा पाडून ती आत ओढायची. वर बहुधा धातूचं बटण, खाली स्क्रू.

टेबलावर असते तेव्हा ती पांढरी वादी कुणाची? रुग्ण अनेकदा जागाच असतो, कमरेखाली बधिर. त्याच्या देहाचा तुकडा दोन हातांवर पडलेला आहे आणि त्याला त्याचं सोयरसुतक नाही.

देह कुणाचा, या प्रश्नाशी अंबडच्या या भागाचं नातं जुनं आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. आज ते घनसावंगी तालुक्यात आहे, पूर्वी अंबड तालुक्यात होतं. १६०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा बोहल्यावरून पळाला आणि चालत नाशिकला गेला, असं परंपरा सांगते. म्हणजे गुडघे शाबूत होते. दासबोधाच्या पहिल्या दशकातला दहावा समास नरदेहाच्या स्तुतीचा. त्यात समर्थ म्हणतात की देह पांगळा असता तर कामाला आला नसता, थोटा असता तर परोपकार घडला नसता. हे पटत नाही. मणक्याच्या विकारामुळे बाबा आमट्यांना बसता येत नव्हतं. तरी १९८५ मध्ये ते ‘भारत जोडो’ म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. धर्माला धडधाकट गुडघा लागतोच, असं नाही.

पण त्याच समासात पुढे समर्थ स्वतःच देहाची मालकी मोडीत काढतात. घर आपलं म्हणावं, तर मुंग्या, उंदीर, माश्या, कोळी, पाली सगळेच त्यावर हक्क सांगतात. देहाचीही तीच गत. आजीला याहून नेमकं उत्तर कुणी देणार नाही.

बौद्धांनी हा प्रश्न आणखी निर्दयपणे विचारला. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या आणि कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत नेलेल्या ग्रंथात एक कथा आहे. ओसाड घरात रात्र काढणाऱ्या वाटसरूसमोर दोन राक्षस एका प्रेतावरून भांडतात. वाटसरू खरी साक्ष देतो, म्हणून चिडलेला राक्षस त्याचा हात उपटतो. दुसरा प्रेताचा हात तिथे बसवतो. असं करत सगळा देह बदलला जातो आणि उपटलेले अवयव राक्षस खाऊन टाकतात. ‘आता मला देह आहे की नाही?’ असं विचारत तो भिक्षूंकडे जातो. ते सांगतात, तुझं म्हणावं असं त्यात आधीही काही नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यात जे घडतं, ते या कथेच्या फार जवळचं आहे. बसवलेल्या कंडरेतल्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत बहुतांशी मरतात. उरतो तंतूंचा सांगाडा. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येऊन राहतात आणि हळूहळू कंडरेचं लिगामेंटसारखं रूप होतं. मधल्या काळात ती सगळ्यात कच्ची असते. रुग्णाला मात्र तेव्हाच बरं वाटू लागलेलं असतं. मैदानावर नऊ महिन्यांआधी उतरू नका, असं डॉक्टर बजावतात ते यासाठी. गंमत अशी की मांडीतून काढून घेतलेली कंडराही पुष्कळ जणांत पुन्हा उगवते.

मग कंडरा मृत दात्याची असली तर? तिच्यातही शेवटी रुग्णाच्याच पेशी राहायला येतात. भारतात बहुतेक वेळा स्वतःचीच कंडरा वापरतात, आणि तरुण खेळाडूंमध्ये दात्याची कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून ते योग्यही आहे. पण एकाच वेळी तीन-चार लिगामेंट तुटली किंवा पहिलं ऑपरेशन फसलं, की स्वतःचा साठा अपुरा पडतो. तिथे विटाळाची शंका काढणाऱ्याने इंद्राला स्वतःची हाडं देणाऱ्या दधीचीची गोष्ट घरात कशासाठी सांगितली, हे स्वतःला विचारावं.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या. हृदय दान करायला बहुधा मेंदूमृत्यूची अट आड येते; डोळे, त्वचा, हाडं आणि कंडरा मात्र हृदय थांबल्यानंतरही काही तासांत घेता येतात. त्या तासांत होकार द्यायचा असतो घरच्यांनी. तेव्हा नेत्रदानाचा विषय घरात निघेल त्या दिवशी कंडरा आणि हाडांबद्दलही बोलून ठेवा.