समजून घ्यायचं कोणी?

दोन माणसं बोलतायत आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाहीये. चूक कोणाची? आपण फारसा विचार न करता बोलणाऱ्याची धरतो. 'नीट बोल' हे सहज तोंडात येतं. 'नीट ऐक' हे मोठ्या माणसाला कोणी म्हणत नाही.

आमच्या हडपसरमध्ये या प्रश्नावर पगार ठरतात. मगरपट्ट्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी दोन वर्षं रात्रपाळी केली. ट्रेनिंगमध्ये उच्चार घोटून घ्यायचे. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, 'डब्ल्यू'ला ओठ गोल करायचे. मराठीत दोन्हींचं काम एकटा 'व' करतो, त्यामुळे इंग्रजीतली द्राक्षाची वेल आणि त्या द्राक्षाची वाइन आमच्या तोंडून सारखीच निघायची.

हाच त्रास कोरियन माणसाला वेगळ्या जागी होतो. आता तो आपल्यासाठी लांबचा राहिलेला नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतलाय. तिथे कोरियन इंजिनिअर आणि मराठी सुपरवायझर एकमेकांशी बोलणार ते बहुधा इंग्रजीतच, म्हणजे दोघांच्याही घरी नसलेल्या भाषेत. कोरियन भाषेत 'एफ'चा आवाज नाही. त्यामुळे कोरियन लिपीत 'फाइल' आणि 'पाइल' एकसारखेच लिहिले जातात. 'र' आणि 'ल' यांना अक्षर एकच. दोन स्वरांच्या मध्ये आलं की ते 'र'सारखं वाजतं, शब्दाच्या शेवटी 'ल'सारखं. म्हणून इंग्रजीतला भात आणि उवा यांच्यातला फरक त्यांना कष्टाने शिकावा लागतो.

यात जिभेपेक्षा कानाचा भाग मोठा आहे. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत तो जवळजवळ कोणालाच कळेनासा झाला. घरात जो फरक कामाचा नाही, तो कान सोडून देतो. तुमचं आडनाव चुकीचं उच्चारणारा अमेरिकन उर्मट असेलच असं नाही. त्याच्या कानाने 'त' आणि 'ट' पहिल्या वाढदिवसाआधीच एकाच डब्यात टाकलेत. आपणही 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे 'च' एकाच अक्षराने लिहितो आणि बाहेरच्याला ते जमले नाहीत की हसतो.

म्हणजे गोंधळ सगळ्यांचाच आहे. पण दुरुस्तीचं बिल एकाच बाजूला जातं, आणि ते किती मोठं होऊ शकतं हे कोरियात दिसलं. 2000च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काही पालक मुलांना इंग्रजी 'र' नीट म्हणता यावा म्हणून त्यांच्या जिभेखालचा पडदा कापून घेत होते. त्या देशाच्या मानवाधिकार आयोगाने 2003 साली काढलेल्या चित्रपटात या शस्त्रक्रियेवर एक भागच आहे. अमेरिकेत वाढलेली कोरियन मुलं त्याच जिभेने 'र' सहज म्हणतात. जीभ धडधाकट होती, तरी बदलायची ठरली ती जीभच.

आता कापाकापीची गरज उरलेली नाही. सानस नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर फोनवर बोलता बोलताच तुमचा लहेजा बदलून टाकतं. 2025 साली टेलिपरफॉर्मन्स या जगातल्या बड्या कॉल सेंटर कंपनीने भारतातल्या कर्मचाऱ्यांच्या आवाजासाठी ते वापरत असल्याचं सांगितलं. याला नावं ठेवणं मला सोपं वाटत नाही. रात्री तीन वाजता, समोरचा नुसता आवाज ऐकून शिव्या घालत असताना, असं बटण मिळालं असतं तर मी दाबलं असतं. ज्याला घरभाडं द्यायचंय त्याला अस्मितेवर भाषण देऊ नये.

पण त्या बटणाने ऐकणाऱ्याचं काय होतं? 2004 साली क्लार्क आणि गॅरेट यांनी दाखवलं की परक्या लहेजाचं इंग्रजी ऐकताना माणूस आधी अडखळतो, पण साधारण एका मिनिटात त्याचा कान सरावायला लागतो. एक मिनिट! आम्ही ज्यासाठी महिने घालवत होतो, त्यातलं बरंचसं अंतर समोरचा साठ सेकंदांच्या धीराने कापू शकला असता. सॉफ्टवेअर ते मिनिटच काढून घेतं. उद्या तोच ग्राहक खरा भारतीय आवाज ऐकेल तेव्हा त्याला तो आजच्याइतकाच परका वाटेल.

'ग्राहक पैसे देतो, त्याने का सोसायचं?' हे बरोबर आहे, पण अर्धंच. बोलणाऱ्याचं कर्तव्य आहेच. गडबडीत बोलू नये, शब्द गिळू नयेत, आकडे पुन्हा सांगावेत. चुकलं तर जीव जातील अशा ठिकाणी हे ओझं कसं वाटलंय ते बघा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांत रेडिओवर 'थ्री'ला 'ट्री' म्हणायचं, 'थाउजंड'ला 'टाउजंड', 'नाइन'ला 'नायनर'. शाळेत ज्या 'टीएच'साठी आपण ओरडा खातो, तो तिथे रीतसर काढून टाकलाय. उच्चाराची अट एवढीच की समजायला फार अडथळा येऊ नये. आणि जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांनीही सावकाश, साधं बोलावं, अशी अपेक्षा या संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. जिथे खरंच समजण्याची गरज असते, तिथे दोघंही वाकतात. जिथे एकालाच वाकवलं जातं, तिथे प्रश्न समजण्याचा नसून दर्जाचा असतो.

डोनाल्ड रुबिन यांनी 1992 साली अमेरिकन विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आवाज तोच होता, तरी आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्यात परका लहेजा ऐकू आला आणि व्याख्यान कमी समजलं.

हे वाचून राग आला असेल, तर तो जरा घराकडे वळवू. हडपसर गावठाणातला माणूस 'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो, 'कोनी न्हाई' म्हणतो. त्याच्या बोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो, जसा कोरियनच्या तोंडी 'एफ'च्या जागी 'प' येतो. दोन्हींत नियम आहे, आळस नाही. 'पानी दे' म्हटल्यावर आजवर कोणी चुकून दूध दिलेलं नाही. मग आपण हसतो ते कशाला? प्रमाण मराठी बरीचशी पुण्याच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या बोलीवर बेतली गेली. त्यामुळे एका 'न'वरून समोरच्याची जात, गाव आणि शाळा आपण क्षणात ठरवतो. मुलाखतीत, कॉलेजच्या स्टेजवर, लग्न जमवताना. त्याचं बोलणं समजलेलं असतं. आपल्याला तो कोण आहे हे कळलेलं असतं, आणि तिथे आपलं ऐकणं थांबतं.

मगरपट्ट्याच्या काचांमागे बसून अमेरिकेकडे आपण जे मागतो, ते गावठाणातल्या माणसाला आपण द्यायला हवं. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. पुढच्या वेळी कोणी 'पानी' म्हणेल तेव्हा पाणी द्यायचं, आणि तो पुढे काय सांगतोय ते ऐकायचं.