पितृऋण आणि कर्व्यांचे घर

‘लग्नाचं काय ठरवलंस?’ या प्रश्नामागे आईवडिलांची काळजी असते, तशीच एक फार जुनी श्रद्धाही असते. ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फेडायचे, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. पुढे ही कल्पना ब्राह्मणांपुरती राहिली नाही. लग्न ही मग आवडीनिवडीची बाब कशी उरणार? मनुस्मृतीने तर विवाह हेच स्त्रीचे उपनयन ठरवले. म्हणजे ऋषिऋण फेडण्याची वाट तिला बंदच.

हे ऋण नाकारता येते का? एका मराठी घराने या प्रश्नाशी पिढ्यानपिढ्या झुंज घेतली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. विधुराने दुसरे लग्न करावे, तेही एखाद्या लहान मुलीशी, अशी तेव्हाची रीत होती. कर्व्यांनी १८९३ मध्ये मित्राची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशी लग्न केले. आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच तिचे कुंकू पुसले गेले होते आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकत होती. कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. त्याची झळ घरच्यांनाही बसली.

राधाबाईंचा मुलगा रघुनाथ याने तिसऱ्या ऋणालाच हात घातला. १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी सोडली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्याने आणि पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ दिले नाही, ते समजून-उमजून. शास्त्राच्या हिशेबी तो ऋणको राहिला. समाजाला शहाणे करण्यात आयुष्य घालवणाऱ्याला मात्र कर्जबुडवा म्हणता येणार नाही.

कर्व्यांची सून इरावती जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा विरोध केला तो खुद्द महर्षींनी. मुलींसाठी विद्यापीठ काढणाऱ्या माणसालाही घरच्या सुनेने इतके दूर जाणे पटेना. नवरा दिनकर ठामपणे पाठीशी उभा राहिला आणि बर्लिनहून ती डॉक्टरेट घेऊन आली. ऋषिऋण असे एका सुनेने फेडले. तीन ऋणांपैकी घराघरांत वसुली होते ती पितृऋणाचीच. पोरीला शिकायचे असेल तर ‘ते लग्नानंतर बघू’ म्हणतात, आणि धर्माचे नाव घेऊन केलेला हा अन्यायच आहे.

तरी इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ या लेखात वेगळेच काही घडते. सभेत अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची बायको अशी ओळख करून दिली जाते, पण काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. रस्त्यात मुले आपापसांत म्हणतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ती ओळख पूर्ण होते. ही पितरांची सक्ती नव्हे. फेडायचे म्हणून नव्हे, हवेसे वाटले म्हणून आलेले आईपण आहे हे.

त्यांची मुलगी गौरी देशपांडे हिने ‘एकेक पान गळावया’सारख्या कथांमधून पुढचा प्रश्न मांडला. तिच्या नायिकांना लग्न करून, मुले वाढवूनही विचारायचे असते की या साऱ्यात आपले स्वतःचे म्हणून काय उरले. पितरांच्या हिशेबात या प्रश्नाला रकानाच नाही.