अयादत आणि अंतर

आजारी माणसाला भेटून त्याची विचारपूस करण्याला आपण अयादत म्हणतो. एका मुसलमानाचे दुसऱ्यावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत अयादत आहे. साथ पसरलेल्या मुलखात जाऊ नका आणि तेथे असाल तर पळून जाऊ नका, ही शिकवणही पैगंबरांचीच (स.). एक जवळ जायला सांगते, दुसरी दूर राहायला. आजार संसर्गजन्य असेल तर आम्ही कोणते ऐकावे?

हा प्रश्न किताबी नाही. गोवंडी-मानखुर्दसारख्या दाटीच्या वस्त्यांतून, जिथे खोलीत ऊनही शिरत नाही, माणसे क्षयाने खंगून शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात पोहोचतात. उर्दूत या रोगाला दिक म्हणतात, आणि 'दिक करना' म्हणजे छळणे. रोग छळतोच, पण उपचारही सोपा नाही. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते आणि रुग्ण रक्त समजून घाबरतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. त्यांनी कित्येकांचे कान कायमचे गेले. 2018 नंतर ती मागे पडून बेडाक्विलिनच्या गोळ्या आल्या आणि 2024 मध्ये भारताने सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. तरीही जंतू गेल्यावर फुप्फुसांवरचे व्रण राहतात. दोन जिने चढले की धाप लागते.

मनाचे हाल कोणी मोजत नाही. सायक्लोसेरिन या औषधाने काहींना गडद उदासी येते, भास होतात, जीव द्यावासा वाटतो. घरचे म्हणतात, 'असर झालाय', आणि तावीज शोधतात. दुआ जरूर करावी, पण डॉक्टरांना वेळीच सांगितले तर औषध कमी करता येते, बदलता येते. मात्र हे सांगायला रुग्णाजवळ कोणी बसलेले तर हवे! खाटेवर एकट्या पडलेल्या माणसाला आपला आजार ही सजा वाटू लागते. पुष्कळजण औषध अर्धवट सोडतात, त्यामागे हा एकटेपणाही असतो.

इतिहासात याचे उत्तर आहे. हिजरी 18, म्हणजे इसवी सन 639. शाम प्रांतात अमवासची प्लेगची साथ होती. खलिफा हजरत उमर सरहद्दीवरून सल्लामसलत करून परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदांनी विचारले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो, असा त्यांचा जबाब होता. अबू उबैदा मात्र आपल्या माणसांना सोडून निघाले नाहीत आणि त्याच साथीत वारले. एक परतले, एक राहिले. दोघांपैकी चूक कोणाची? आम्हाला वाटते, कोणाचीच नाही. उमर रोगापासून दूर झाले, अबू उबैदा माणसांपासून दूर झाले नाहीत.

गल्लत होते ती इथेच. अंतर जंतूपासून ठेवायचे असते आणि त्याला माप असते. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो. म्हणून तोंडावर मास्क हवा, खिडकी उघडी हवी. ताटवाटीने, कपड्यांनी, हात मिळवण्याने तो पसरत नाही. योग्य औषधे सुरू झाली की साध्या क्षयाचा रुग्ण बहुधा काही आठवड्यांतच इतरांना धोकादायक राहत नाही. मग त्याचे ताट वर्षभर वेगळे का? बऱ्या झालेल्या मुलीचा रिश्ता का मोडतो? पुरुषाचा आजार विसरला जातो, बाईचा का नाही? ही खबरदारी नव्हे, हा जुलूम आहे, आणि त्याला मजहबचा आधार नाही.

कयामतच्या दिवशी अल्लाह विचारील, मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? बंदा चकित होईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच सापडलो असतो. ही हदीस आम्ही वर्गात शिकवतो, मशिदीत ऐकतो. तिच्यात आजाराचे नाव नाही. वॉर्डात जाता येत नसेल तर फोन करावा, डबा पाठवावा, खिडकीखाली उभे राहून हात हलवावा. आणि रुग्ण बरा होऊन मोहल्ल्यात परतला की त्याला आपल्याच दस्तरखानावर बसवावे. ती अयादत अजून बाकी असते.