वहीतला आकडा

मराठीत 'मधुमेह', कानडीत 'सक्करे कायिले'. दोन्ही नावांत गोडवा आहे आणि दोन्ही नावांनी एक गैरसमज पोसला आहे. मुलाला हा विकार जडला की शेजारीण विचारते, "फार गोड खायचा का हो?" वास्तविक पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत इन्सुलिनचा अर्क ज्या रुग्णाला प्रथम टोचला गेला, तो लिओनार्ड थॉम्पसन अवघा चौदा वर्षांचा होता. त्याला कोणत्या पापाची शिक्षा म्हणायची?

तरी घरोघरी दोष शोधला जातोच. पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून येते. "पेपर कसा गेला?" याच्या आधी "शुगर किती?" २८० म्हटले की आईचा चेहरा उतरतो. मग एके दिवशी ती वहीत १४० लिहिते.

हे खोटे आहे का? आहे, आणि धोक्याचेही, कारण त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते. पण हे खोटे तिच्या एकटीचे नव्हे. वयात येताना शरीरातली संप्रेरकेच इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. पथ्य पाळूनही आकडा चढतो. आपण त्याला 'चांगला', 'वाईट' म्हणतो, जणू ते वर्तणुकीचे गुण! जिथे बोलणी खावी लागतात, तिथे खरे कोण लिहील?

फराळाच्या ताटापुढेही तेच. तिने करंजी उचलली की मामी हात धरते. खरे तर करंजीचा हिशेब मामीपेक्षा तिलाच अधिक कळतो: एवढे पीठ, एवढी साखर, एवढी युनिटे.