सक्तीची विश्रांती

म्हाताऱ्या वडिलांच्या हातातून पाण्याची बादली काढून घेणारा मुलगा आणि पी.टी.च्या तासाला अपंग विद्यार्थ्याला वर्गातच दप्तरं राखायला बसवणारे शिक्षक, दोघांच्याही मनात काळजीच असते. पण त्या काळजीने होतं काय, हे तपासायला हवं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी, ते पन्नाशीला आल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तीस वर्षांत जितकी घटली होती, त्याहून जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांत घटली होती. पुढे सहा महिने बेताबेताने व्यायाम दिल्यावर वयाने झालेली घट भरून निघाली. पाच माणसांवरून नियम काढू नये, हे मान्य. तरीही आपण वयाच्या नावावर जे खपवतो त्यातलं बरंचसं निव्वळ बसून राहण्याचं असतं, हा संशय इथून बळावतो.

ते पाच जण धडधाकट होते, नव्वदीतल्या माणसाचं काय, असं कोणी विचारेल. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्ध-शुश्रूषालयातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. त्यांचं सरासरी वय नव्वद होतं आणि व्यायाम नावापुरता नव्हता. वजन टप्प्याटप्प्याने त्यांच्या कमाल ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत नेलं होतं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. चार वर्षांनी शंभर वृद्धांवर असाच मोठा प्रयोग झाला. त्यात काहींना व्यायामाऐवजी नुसतंच पोषक पेय दिलं होतं. त्यांच्या अशक्तपणात काही फरक पडला नाही. आईला डिंकाचे लाडू आणि प्रोटीनचा डबा आणून देऊन कर्तव्य संपलं असं मानणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावं.

अपंगत्वाच्या बाबतीत हीच गोष्ट आधी आणि अधिक स्पष्टपणे दिसली होती. मणक्याला इजा झालेल्या माणसाला पूर्वी पलंगावर निश्चल ठेवत, आणि तो बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने जाई. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली, आणि पुढे उपचारांतच खेळ आणला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, सोळा माजी सैनिकांनी तिथे चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचं मूळ हे असं रुग्णालयाच्या आवारात आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि पाण्यात उतरले तेही उपचार म्हणूनच. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

आता तेवढी उपेक्षा राहिलेली नाही. पॅरिसला २०२४ मध्ये भारताने २९ पदकं जिंकली. त्यातलं गोळाफेकीचं एक रौप्य आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांचं. याचा आनंद आहेच. अडचण वेगळी आहे. गुटमानसाठी खेळ सगळ्या रुग्णांचा होता, आपल्याकडे तो निवडक जिद्दी माणसांचा झाला. पदकविजेत्यांना पाहून बाकीचे प्रेरणा घेतील, असं म्हणतात. पण फाटकावर आडवे लोखंडी खांब रोवलेल्या बागेत चाकाची खुर्ची प्रेरणेने शिरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसावं कलम खेळाचे कार्यक्रम आणि सुविधा अपंगांना वापरता येतील अशा करायला सांगतं. महापालिकेने बागेत ‘ओपन जिम’ बसवताना ते कलम कोणी उघडून पाहिलेलं दिसत नाही. म्हाताऱ्यांची गत तीच. सत्तरीचे वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालतात, आपल्याकडच्या वृद्धांना व्यायाम कशाला शिकवायचा, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण वारीत दिसतात ते चालू शकणारे. जे गुडघ्यांमुळे घरी राहिले ते मोजले कोणी?

सगळ्यात गंभीर आक्षेप धोक्याचा. पडले, हाड मोडलं, तर? उतारवयात मांडीचं हाड मोडणं म्हणजे काय हे ज्या घरांनी पाहिलंय, त्यांची भीती खोटी नाही. मात्र २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात २३ हजारांहून अधिक वृद्ध होते, आणि व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्यात मुख्य वाटा तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींवर बेतलेल्या व्यायामाचा होता. म्हणून ‘आम्ही रोज चालतो ना’ हे उत्तर पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. अपंगांसाठी वेगळ्या शिफारशीही त्यात आहेत. आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच की सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. बालपणी पोलिओ झालेल्या माणसाने थकलेल्या स्नायूंवर आणखी जोर दिला तर ते अधिक दुबळे होऊ शकतात. तिथे जाणता फिजिओथेरपिस्ट हवा, उत्साही शेजारी नको. आणि जन्मभर राबलेल्या बाईला कसला व्यायाम, हाही प्रश्न येतो. पण कामाचा ताण त्याच त्या सांध्यांवर पडतो, आणि सुनेने स्वयंपाकघर हातात घेतलं की तीही हालचाल एका दिवसात थांबते.

उरला पैसा. बोस्टनमध्ये यंत्रं होती, पण बिनहाताच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, मनगटाला वाळूची पिशवी बांधून बसल्या बसल्या हात उचलणं, याला यंत्र लागत नाही. लागतं ते सातत्य. १९९० च्या त्याच प्रयोगात व्यायाम बंद झाल्यावर चार आठवड्यांत ३२ टक्के ताकद ओसरली होती. १ ऑक्टोबरला ज्येष्ठांची संगीत खुर्ची आणि ३ डिसेंबरला अपंगांची लिंबू-चमचा शर्यत घेऊन वर्षाची तरतूद संपवणाऱ्या संस्थांपुढे हा आकडा ठेवायला हवा. वॉर्डातल्या विरंगुळा केंद्रात कॅरम आहे, वर्तमानपत्रं आहेत, टीव्ही आहे. तिथेच आठवड्यातून तीन सकाळी एक प्रशिक्षित माणूस नेमला, दारात उतार केला आणि चाकाची खुर्ची आत वळेल असं स्वच्छतागृह बांधलं, तर खर्च एका नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सांहून फार होईल असं वाटत नाही. या वर्गाला किती जण आले आणि सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले, हे पदकतालिकेसारखंच दरवर्षी छापून यावं.