पुष्पदंतांचे लांच्छन

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचे दर्शन घेऊन बाहेर पडताना एका सुशिक्षित गृहस्थांनी, नववे तीर्थंकर पुष्पदंत यांचे लांच्छन, म्हणजे मूर्तीच्या आसनावरील ओळखचिन्ह, मगर असावे ही अहिंसाधर्मातील मोठीच विसंगती होय, असा सहज शेरा मारला आणि तो कुसळासारखा माझ्या मनात रुतून बसला. महावीरांचा सिंह त्यांना कसा खटकला नाही, हे मी विचारीत नाही.

मगरीची कैफियत ऐकावयाची तर हिंसा आणि हाव यांतील भेद प्रथम मान्य केला पाहिजे. कृष्णाकाठी औदुंबर-भिलवडीकडे जबडा वासून उन्हात पडलेली मगर आळसाने पडलेली नसते. देहाची ऊब ती सूर्याकडून उसनी घेते, त्यासाठी तिला अन्न जाळावे लागत नाही, आणि म्हणूनच एकदा पोट भरले की आठवडेच्या आठवडे निराहार राहणे तिला जड जात नाही. आमच्या गृहस्थांना दिवसातून चार वेळा भूक लागते!

तिचे अपत्यसंगोपन तर विलक्षणच. काठावर खड्डा खणून ती पंचवीस-तीस अंडी पुरते. आतला जीव नर की मादी याचा निवाडा मातीची उष्णता करते, 31 अंशांपर्यंत माद्या आणि साडेबत्तिसाच्या सुमारास नर. दोनेक महिन्यांनी कवचाआडून पिलांची हाक येताच ती खड्डा उकरते आणि हाडे चुरडणाऱ्या त्याच जबड्यातून त्यांना अलगद पाण्यात नेते. सरीसृपतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी 1976 साली स्थापिलेल्या मद्रासच्या मगर-केंद्रात नरही हे काम करताना दिसला आहे.

परंतु त्याच केंद्रात बगळ्यांच्या वस्तीखाली, उथळ पाण्यात, तोंडावर काटक्या धरून निश्चल पडलेल्या मगरी प्राणिशास्त्रज्ञ व्लादिमिर दिनेत्स यांनी पाहिल्या, आणि घरट्यासाठी काडी शोधणाऱ्या पक्ष्याला लावलेले ते आमिष होय, असा निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध केला. आता या कपटाला संयम कसा म्हणावा? तेव्हा मगरीच्या सद्वर्तनाचा दाखला मागणे जितके गैरलागू, तितकेच तो हजर करणेही. पुष्पदंतांच्या आसनाखाली तिला जागा आहे ती पंचेंद्रिय जीव म्हणून, शीलाबद्दलची बक्षिसी म्हणून नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही पहिल्या अनुसूचीत तिचे नाव घालताना तिची वर्तणूक विचारली नाही. कायद्याच्या या निवाड्याची किंमत मात्र रात्री-अपरात्री उसाला पाणी देण्यासाठी नदीकाठच्या मोटारीपाशी उतरणारा शेतकरी मोजतो, आणि त्याची फिर्याद मगरीच्या वात्सल्याचे पुरावे पुढे करून निकालात काढावयास मी धजणार नाही.