काकू उजवीकडे बघत होत्या

आमच्या सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडलं की ऑफिस उजव्या हाताला आहे. मध्ये दुभाजक. म्हणजे नियमाने डावीकडे वळायचं, जवळजवळ एक किलोमीटर पुढे जायचं, सिग्नलला यू-टर्न घ्यायचा आणि तेवढंच परत यायचं. सकाळी साडेनऊला बाणेरमध्ये याला दहा-बारा मिनिटं लागतात. दुसरा रस्ता असा की गेटमधून उजवीकडे, फुटपाथला चिकटून, दीडशे मीटर उलटं जायचं. तिथे दुभाजकाला कट आहे. वीस सेकंद.

तीन वर्षं मी दुसऱ्या रस्त्याने गेलो. आमच्याकडे त्याला कुणी राँग साइड म्हणतसुद्धा नाही. "फिरून येतोयस की इकडून?" असं विचारतात. 'इकडून' या शब्दात कसलाच गुन्हा नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मी असाच इकडून निघालो होतो. डोक्यावर हेल्मेट होतं, इंडिकेटरही चालू होता. (उलट्या दिशेने जाताना इंडिकेटर देणारा माणूस म्हणून मित्र अजून हसतात.) साठीच्या एक काकू भाजीची पिशवी घेऊन फुटपाथवरून उतरल्या. उतरण्याआधी त्यांनी नीट थांबून उजवीकडे पाहिलं, कारण त्या बाजूला गाड्या उजवीकडूनच येतात. मी डावीकडून आलो. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, हँडल पिशवीला लागलं. काकू तोल जाऊन फुटपाथच्या कडेवर बसल्या. टोमॅटो रस्त्यावर. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "सॉरी रे बाळा, माझं लक्षच नव्हतं."

लक्ष होतं. पूर्ण लक्ष होतं.

मी ते त्यांना सांगितलं नाही. चार टोमॅटो गोळा करून दिले आणि म्हणालो, "असू दे काकू." म्हणजे मी त्यांना माफ केलं! मग निघालो. मीटिंगला वेळेत पोचलो.

त्या दोन शब्दांनी मला नंतर बरेच दिवस छळलं. तोपर्यंत माझा युक्तिवाद पक्का होता, आणि बहुधा तुमचाही तोच असेल. सगळेच जातात, मी एकट्याने नियम पाळून काय होणार आहे? कॉलेजात कधीतरी कांटबद्दल वाचलं होतं. १७८५ सालच्या पुस्तकात तो साधारण असं म्हणतो की तू ज्या तत्त्वाने वागतोयस तो सगळ्यांचाच नियम झालेला तुला चालेल का, ते बघ. पुण्यात या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. झालाच आहे, साहेब.

पण खरंच झालाय का? रेल्वे फाटक बंद झाल्यावर काय होतं आठवा. दोन्ही बाजूंच्या गाड्या रस्त्याची पूर्ण रुंदी भरून उभ्या राहतात. फाटक उघडलं की समोरासमोर. कुणीच हलू शकत नाही. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. सगळे उलटे आले की हे असं दिसतं. माझे वीस सेकंद वीसच राहत होते, कारण बाकीचे बहुतेक लोक मुकाट्याने फिरून जात होते. मी त्यांच्या शिस्तीवर फुकट जगत होतो आणि वर म्हणत होतो की शिस्त उरलीच कुठे आहे.

तरी हा झाला वेळेचा हिशोब. फार तर मी फुकट्या ठरतो. काकूंचं काय?

एकेरी रस्ता म्हणजे वाहतुकीची सोय, एवढंच मी समजत होतो. पण तो अनोळखी माणसाला दिलेला शब्दही असतो : तू फक्त या बाजूला बघ, दुसरी बाजू आम्ही सांभाळतो. साठीच्या माणसाची मान पटकन वळत नाही. हातात पिशवी असते. त्याला हा शब्द फार उपयोगाचा. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी सेकंदाला आठ मीटर कापते. ब्रेककडे हात जाईपर्यंतच ते आठ मीटर संपतात. तेवढ्यात कुणाची मान दोन्हीकडे वळत नाही.

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात उलट दिशेने गाडी चालवणं हे धोकादायक चालवण्याच्या कलमात नाव घेऊन घातलंय. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे दिवसाला ४६०च्या वर. हे आकडे मला आधीही ठाऊक होते. त्यांनी माझी गाडी कधी वळवली नाही, हेही सांगून टाकतो.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. एक किलोमीटर यू-टर्न नाही, काकू जिथे ओलांडत होत्या तिथे झेब्रा नाही, फुटपाथ अर्धा खोदलेला. असा रस्ता आखणाऱ्यांची चूक नाही का? आहे. मग वाईट नियम मोडला तर बिघडलं कुठे? गांधीजींनीही १९३० साली मिठाचा कायदा मोडला होता. पण आधी व्हाइसरॉयला पत्र लिहून, दिवसाढवळ्या, अटक होणार हे धरून. मी कटपाशी मामा उभा आहे का ते बघून मोडत होतो. आणि तीन वर्षांत त्या रस्त्याबद्दल कुठे साधा अर्जही केला नव्हता. याला सविनय म्हणवत नाही.

डिलिव्हरीवाल्या पोरांना मी पूर्वी मोठ्याने शिव्या द्यायचो. त्यांच्या पाठीवर घड्याळ बसवलेलं असतं, ते दुसऱ्याच्या हातात. माझी ऑफिसची वेळ लवचीक आहे. दोघांची चूक एका मापाने मोजणं मला आता जमत नाही. अर्थात काकूंना ढोपराला लागलं असतं तर दोघांचंही तेवढंच.

आता मी फिरून जातो. बहुतेक वेळा. मार्चपासून दोनदा इकडून गेलोय, एकदा पावसात आणि एकदा काहीच कारण नसताना. काकू परत दिसल्या नाहीत. दिसल्या तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय, पण ते फार लांबलचक झालंय.

गेल्या महिन्यात आई सांगलीहून आली. संध्याकाळी दूध आणायला निघालो, त्याच रस्त्यावर. ती उजवीकडे बघून उतरणार, तेवढ्यात मी तिचा दंड धरला. "आई, दोन्हीकडे बघत जा."

"एका बाजूचा रस्ता आहे ना हा?"

"हो, पण उलटेही येतात."

"कोण येतं उलटं?" तिने विचारलं.